मिराबेलची तयारी

“झाली तयार,” आल्मुटबाई म्हणाल्या, आणि माझा हात माझ्याच पोटावर गेला. कुणाच्या लक्षात आलं नसावं. सगळे आल्मुटबाईंच्या बोटांकडे बघत होते. त्या बोटांमधून माझी मिराबेल सावकाश पुढे सरकत होती, नारिंगी, गुबगुबीत, जगात कसलीच घाई नसल्यासारखी. पण हात गेला हे खरं, आणि गेला तो तिथेच राहिला. प्रश्न जणू मला विचारला होता आणि उत्तर मी तिथे चाचपून बघत होते. फेन्या आठ महिन्यांची झाली होती. पोटात आता कुणी नव्हतं. होती ती नुसती सैल कातडी, दुधावरच्या सायीसारखी, बोटाने ढकलली की सुरकुतणारी. घरी माझा नवरा हाउके लेकीला सांभाळत बसला होता, माझ्या अंगात दूध दाटत चाललं होतं, आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी सफरचंदाच्या रसाचा पेला पुढ्यात घेऊन चार माणसांत एकटी बसले होते. त्यात एका सापिणीबद्दल उच्चारलेल्या दोन शब्दांनी माझा हात हलला. मला भय नाही वाटलं, कुतूहल वाटलं. मला न विचारता परस्पर उत्तरं देणारं कुणीतरी माझ्या आत बसलेलं आहे, त्याचं.

आमच्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक ब्रेमेनच्या वाल्ले भागातल्या एका जुन्या खानावळीच्या मागच्या खोलीत भरते. भिंतीपलीकडे नऊ सोंगट्यांचा खेळ चालतो. लाकडी गोळा घरंगळत आला की आमचं टेबल थरथरतं, आणि टेबलावर जो कुठला साप असेल तो जागच्या जागी थबकतो. सापाला बाहेरचे कान नाहीत, तो जबड्याने ऐकतो, हे तिथे प्रत्येकाला माहीत आहे, तरी दरवेळी कुणीतरी म्हणतंच, “बघा, ऐकलं हिनं!” आमच्या गावचे लोक एरवी अंतर राखून असतात, ट्रामच्या थांब्यावर दोघांच्या मध्ये तिसरा मावेल एवढी जागा सोडून उभे राहतात. पण मार्चच्या बैठकीत मादी हातोहात फिरवायची रीत आहे. ज्याला वसंतात आपली मादी नराला लावायची असेल त्याने ती टेबलावर आणायची, आणि प्रत्येकाने तिला आपल्या हातावरून जाऊ द्यायचं, अंगठा पोटाखाली हलकेच टेकवून. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. सरकायचं ते तिनंच. अंगाचा मागचा भाग यायला लागला आणि अंगठ्याखाली माळेतल्या मण्यांसारखं एकामागून एक काही लागलं, की ती तयार. मग म्हणायचं “झाली”, नाहीतर “नाही अजून”. याहून जास्त बोलायचं नाही. वाद घालायचे ते बाहेर, सायकलींची कुलपं काढताना.

मिराबेल फिरली. दोघं “नाही अजून” म्हणाले, बाकीचे “झाली”, आणि शेवटी ती आल्मुटबाईंकडे गेली, कारण शेवटचा शब्द त्यांचा. आल्मुटबाईंनी जन्मभर ट्राम चालवली. सत्तरी उलटली तरी कुठल्याही गोष्टीकडे पुढचा सिग्नल बघावा तशा बघतात. त्यांच्याकडे कप्तान नावाचा नर आहे, ताठ मानेचा, गर्द तांबडा, आणि वसंतात तो मंडळातल्या घरोघरी नवरदेवासारखा फिरतो. पिल्लं झाली की निम्मी कप्तानाच्या घरची, आणि पहिली निवड त्यांची. फेन्याच्या आधी, पोट दिसायलाही लागलं नव्हतं तेव्हा, मीच त्यांना म्हणाले होते की मला एकदा अंडी फुटताना बघायची आहेत. त्या विसरल्या नव्हत्या.

“मणी कसे लागतायत बघ, पोरी. आणि वजन तर विचारूच नको. काय घालतेस हिला, केक?”

“उंदीर घालते, आल्मुटबाई. दुसरं काय घालणार.”

“मग त्या उंदरांना केक घालत असशील.” सगळे हसले. “पुढल्या शनिवारी कप्तानाला घेऊन येते. बटरकेक करून ठेव. नवरदेव उपाशी चालतो, त्याची आई चालत नाही.”

मीही हसले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “आणि अंडी अडकली तर?” हे त्या टेबलावर विचारत नाहीत. पलीकडे गोळा घरंगळला, सोंगट्या पडल्या, कुणीतरी ओरडलं. आल्मुटबाईंनी मिराबेलला माझ्या हातावर परत सोडलं. “अडकली तर अडकली,” त्या म्हणाल्या. “माझी रोझीना गेल्या उन्हाळ्यात त्यातच गेली. शेवटची दोन आत राहिली. ओरडत नाहीत ना ह्या. नुसती पडून होती. मला वाटलं, दमली असेल.” आणि त्यांनी आपला बिअरचा पेला उचलून त्याच्या बुडाखालचा पुठ्ठा नीट सरळ केला.

घरी येताना ट्राममध्ये मिराबेल माझ्या कोटाच्या आत होती, उशीच्या अभ्र्यात, गाठ मारून. दूध आणि साप यांच्यामध्ये एक स्वेटर. समोरच्या बाईने माझ्याकडे बघून पोटुशीकडे बघतात तसं हसून घेतलं, आणि मी तिला चूक दाखवली नाही. तयार म्हणजे काय, हा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला असं म्हणवत नाही, पण तो शब्द पहिल्यांदाच हातात धरून उलटसुलट करून बघितला. मी कॉफीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणजे करायची, आणि पुन्हा करीन. तिथे दाणा भाजून तयार झाला हे रंगावरून, तडकण्याच्या आवाजावरून, वासावरून, आकड्यावरून ठरतं, आणि चौघांनी वेगवेगळं सांगितलं तर आम्ही आकड्याचं ऐकतो. मंडळाचाही आकडा आहे: तीन वर्षं, तीनशे ग्रॅम, मीटरभर लांबी. मिराबेल तिन्हीच्या पुढे कधीच गेली होती. मग माझं काय अडलं होतं? माझ्या वेळी तर काहीच मोजलं नव्हतं. फेब्रुवारीतली केलच्या भाजीची सहल होती, म्हणजे थंडीत पीत पीत चालायचं आणि शेवटी खानावळीत केलची भाजी खायची, हाउकेच्या ऑफिसातले लोक बाटल्यांची हातगाडी ओढत वेझर नदीच्या बांधावर पुढे निघून गेले होते, आणि बोचऱ्या वाऱ्यात माझ्या टोपीचा बंद बांधता बांधता हाउके म्हणाला होता, “आता झालं तरी चालेल, नाही?” मी म्हणाले, “चालेल.” एवढंच. ते माझं “झाली तयार” होतं. कुणाच्या अंगठ्याखालून मी गेले नव्हते. नंतर मात्र सगळे विचारत होते, तयारी झाली का, बॅग भरली का, पाळणा आला का. आणि मी हो म्हणत होते, कारण पाळणा आला होता.

सुरुवातीला फेन्याचं वजन वाढत नव्हतं. पहिले काही आठवडे सुईणबाई घरी यायच्या, आमच्याकडे सगळ्यांच्याच घरी येतात. त्या आपल्या पिशवीतून एक टांगायचा वजनकाटा काढायच्या, फेन्याला एका तलम कापडात झोळीसारखं घ्यायच्या आणि काट्याच्या आकड्याला लटकवायच्या. माझी मुलगी स्वयंपाकघराच्या मधोमध हवेत लटकायची, मुठी आवळून, आणि आम्ही तिघं श्वास धरून काटा स्थिर व्हायची वाट बघायचो. “हं,” सुईणबाई म्हणायच्या. ते हं मला अजून ऐकू येतं. त्या वाईट नव्हत्या, उलट फार हळुवार होत्या, बडीशेपेचा चहा स्वतः करून मला द्यायच्या. पण ते हं. त्या गेल्या की मी फेन्याला पाजायला बसायची, ती दोन घोट घेऊन झोपायची, मी तिच्या तळपायाला गुदगुल्या करायची, ती रडायची, मी रडायची. आणि समोर काचेच्या पेटीत मिराबेल असायची. तिच्यापुढे कोमट केलेला उंदीर चिमट्यात धरला की ती मान उंचावून बघायची, जीभ लपलप करायची, आणि मग गिळायची, डोकं, खांदे, शेपूट, सगळं, निमूट, काही मागे न ठेवता. काय बरं वाटायचं! घरात कुणीतरी जेवतंय. कुणीतरी माझ्या हातून खाऊन जाड होतंय. फ्रीजरच्या एकाच कप्प्यात डाव्या हाताला माझ्या दुधाच्या पिशव्या आणि उजव्या हाताला गोठवलेले उंदीर असायचे. हाउके एकदा गंमतीने म्हणाला होता, “झोपेत असताना डावं-उजवं चुकू नकोस म्हणजे झालं.” मी हसले नव्हते. त्यानंतर प्रत्येक पिशवी मी उजेडात धरून बघायला लागले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिराबेलला अभ्र्यात घालून स्वयंपाकघरातल्या काट्याला लटकवलं. आकडा बघितला. रिकामा अभ्रा वेगळा मोजून पुन्हा हिशेब केला, कारण मला वाटलं, अभ्र्याचं वजन वजा करायचं राहिलं.

“हाउके,” मी हाक मारली, “ही फुगली आहे.”

तो फेन्याला गाजराचा गोळा भरवत होता. त्याच्या भुवईला गाजर लागलं होतं. “सुदृढ म्हण ना. आल्मुटबाई खूश होत्या म्हणालीस.”

“सुदृढ नाही, बघ ना. खवल्यांच्या मधून कातडी दिसतेय. शेपटाजवळ पावासारखी फुगलीय. एवढी कशी वाढली ही? मी तर दर आठवड्याला एकच—” मी थांबले, कारण हाउकेने चमचा अर्ध्यावर धरून ठेवला होता.

“तू घालतेस?” तो म्हणाला.

“म्हणजे? मीच घालते.”

“मग मी काय करतो रविवारी?”

फेन्याने चमच्याकडे तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. “तू बाळंतीण,” हाउके म्हणाला, “तुझ्या डोक्याला नको म्हणून... मला वाटलं, तू विसरलीस तर बिचारी उपाशी राहील. उंदीर संपले की मागवतही होतो.” आणि मला वाटत होतं की हाउके झोपेअभावी मागवायला विसरत कसा नाही, किती गुणी आहे. आम्ही दोघं वेगवेगळ्या वारी, एकमेकांना न सांगता, एकाच सापिणीला जेवू घालत होतो. आणि ती नाही म्हणत नव्हती. साप म्हणत नाही. शिवाय तिचा हिवाळाही झाला नव्हता. दरवर्षी ख्रिसमसच्या आधी मी तिची पेटी तळघरात नेते. थंडीत ती दोन-अडीच महिने काही न खाता पडून राहते, आणि वर आणली की कात टाकते. सगळे सापवाले असंच करतात. पण यंदा तळघरात बाबागाडी, वाळत घातलेले लंगोट, पाळण्याची खोकी. तळघरात साप ठेवायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला माझ्या नजरेआड करायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणजे मंडळाने जे वजन पाहून मान डोलावली ते तिचं नव्हतंच. ती आमची काळजी होती, माझी आणि हाउकेची, तिच्या अंगावर साठलेली. पण मग मणी? आल्मुटबाईंच्या अंगठ्याला लागलेले मणी चरबीचे होते, की खरे?

मी स्वतः बघायचं ठरवलं. हाउकेने तिचं पुढचं अंग धरलं, मी मागचं हातावर घेतलं आणि अंगठा टेकवला. ती कोमट होती, कोरडी, आणि तिच्या पोटाचे आडवे पट्टे माझ्या अंगठ्यावरून टक टक करत जात होते, शिडीच्या पायऱ्यांसारखे. मऊ, मऊ, मऊ. मग काहीतरी. मग मऊ. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर आठवला तो डॉक्टरांचा हात, माझ्या पोटावरून फिरणारा, इथे डोकं, इथे पाठ, बघा तुम्हीच हात लावून, आणि मी हात लावला होता आणि मला काहीही कळलं नव्हतं, तरी मी म्हणाले होते, “हो, लागलं.”

“लागलं का काही?” हाउकेने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले, आणि या वेळी तेच खरं सांगितल्यावर मला जरा हलकं वाटलं.

एवढ्या चरबीत पहिलटकरणीची अंडी अडकतात, हे मी वाचलं होतं, कुणालाही वाचता येईल. अंगात ताकद नसते, स्नायू ढिले. रोझीना नुसती पडून होती. मिराबेल माझ्याकडे कॉलेजात असल्यापासून आहे, हाउकेच्याही आधीपासून. बोटाएवढी होती तेव्हापासून. शनिवारी कप्तानाला हो म्हटलं आणि ती मेली, तर ते मी केलेलं असेल. नाही म्हटलं तर निदान ती वाचेल. असा माझा सरळ हिशेब होता, आणि तो पक्का करून घ्यायला मी गुरुवारी तिला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले, फेन्याला पुढे बांधून.

डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांच्या टेबलाखाली एक कासव फिरत होतं आणि त्या त्याच्यावरून सवयीने पाय उचलून जात होत्या. त्यांनी मिराबेलच्या पोटावर ती थंडगार चिकट जेली लावली आणि माझ्याच पोटावर काटा आला. पडद्यावर करड्या धुक्यात एक काळसर गोल उमटला. मग दुसरा. पुढचा. रांगेने, पावसाळी रस्त्यावरच्या दिव्यांसारखे, एकेक जवळ येऊन मागे जाणारे. मी एकदम पुढे वाकले. फेन्या झोपेत कण्हली.

“आहेत,” मी म्हणाले.

“आहेत. चरबी पण आहे भरपूर, पण ही आहेत. अजून अंडी नाहीत हं, नुसती बीजं. अंडी व्हायची की नाही ते ठरायचंय.”

“म्हणजे नर लावला नाही तर होणार नाहीत.”

“असं कुणी सांगितलं?” त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. “नर नसला तरी घालतात कधी कधी. फुकट अंडी. आणि अडकायचीच असली तर तीही अडकतात.”

माझा सरळ हिशेब टेबलावरून खाली पडला. नाही म्हणून मी तिला वाचवू शकत नव्हते. ती निघाली होती. मी हो-नाही करत बसले होते आणि ती केव्हाच, हिवाळाही न होता, कुणाला न विचारता निघाली होती.

“मग काहीच हातात नाही?” मी विचारलं.

“तसं नाही. कधी परत घेतात.”

“परत?”

“शोषून घेतात. शरीर म्हणतं, यंदा नको. मग ही हळूहळू विरघळतात, जिथून आली तिथे परत जातात.” त्यांनी एक गोल पडद्यावर थांबवला. “नर लावला तर परत घ्यायची शक्यता कमी होते, असं मला वाटतं. पक्कं नाही सांगत. या वजनावर मी असते तर लावला नसता. उंदीर कमी करा, फांद्यांवर चढवा, हलू द्या. पण तुमच्या मंडळात माझं ऐकत नाहीत. तुमच्याकडे अंगठे आहेत.”

“परत घेताना दुखतं?”

“तिला विचारून मलाही सांगा,” डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. मीही हसले, पण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझा तळहात फेन्याच्या कानावर आहे. घट्ट. तिने हे ऐकू नये म्हणून.

घरी जाताना मी ट्राम सोडली आणि चालत निघाले. परत घेणं. असं असतं? एवढं पुढे जाऊन, गोल गोल होऊन, पडद्यावर दिसून, परत? माझ्या आयुष्यात त्या शब्दासाठी एक दुपार होती. फेन्या तीन-चार आठवड्यांची असेल. सुईणबाई नुकत्याच हं म्हणून गेल्या होत्या, खिडकीतून समोरच्या घराच्या विटा ओल्या दिसत होत्या, आणि फेन्या रडत होती, न थांबता, माझ्या खांद्यावर, माझ्या कानात. तेव्हा मला वाटलं होतं, हिला परत आत घेता आलं तर. ती नको म्हणून नव्हे. मरावी म्हणून तर नव्हेच नव्हे. आत ती जाड होत होती. आत मला न कळता तिचं सगळं नीट चाललं होतं. बाहेर काढून मीच बिघडवलं होतं. तो विचार आला तसा गेला, पण त्याचा वास राहिला, बंद कपाटासारखा, आणि मी तो कुणाला, हाउकेलाही, उघडून दाखवला नव्हता. मला वाटत होतं, असा विचार येणारी प्राणिमात्रांत मी एकटी. आणि इथे माझ्या कोटात, जेली पुसलेली, शांत, एक जण होती जिच्या शरीराला ते साधं, नेहमीचं येत होतं. यंदा नको. पाप नाही, पुण्य नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग एवढी उत्सुकता, की मी पदपथावर उभी राहिले आणि मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून ओरडला, “बाई, झोपलात का?”

शनिवारी आल्मुटबाई आल्या. “मॉइन,” असा इकडचा नमस्कार करून त्यांनी कोटाची बटणं काढली आणि आतून अभ्रा बाहेर काढला. अभ्रा हलत होता. कप्तानाला मिराबेलचा वास दारातूनच लागला असणार. मी बटरकेक केला होता. हाउकेने कॉफी ओतली. आणि मी म्हणाले, “आल्मुटबाई, यंदा नको.”

त्यांनी आधी केककडे, मग माझ्याकडे बघितलं. “मंडळाने सांगितलं झाली म्हणून.”

“झाली आहे. मी पडद्यावर बघून आले. मण्यांचं खरं आहे तुमचं.”

“मग?”

“मग तिला पुढे जायचंय की मागे फिरायचंय, ते कळलेलं नाही. कप्तान आला तर तिला मागे फिरणं अवघड जाईल. तेवढा एक रस्ता मला मोकळा ठेवायचाय.”

“साप आहे ती, बाई! तिला जायचंय, फिरायचंय, असं काही नसतं. हवा गरम झाली, नर आला, झालं. ट्राम कधी विचारते का, पुढच्या थांब्यावर जाऊ की नको?”

“तुम्ही विचारत होतात का?” हाउके म्हणाला. त्याला मदत करायची होती, पण ते टोमण्यासारखं लागलं. आल्मुटबाईंनी केकचे दोन मोठे तुकडे खाल्ले आणि मांडीवरचा अभ्रा तळहाताने थोपटत राहिल्या. जाताना दारात म्हणाल्या, “आणि तरी घातलीन् आणि अडकली, तर? मग रडत माझ्याकडे येऊ नकोस.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. अभ्रा कोटात जात नव्हता, कप्तान वळवळत होता. “आता ह्याला कोण समजावणार,” त्या पुटपुटल्या आणि जिना उतरून गेल्या.

मिराबेलच्या पेटीत मी बांधावरून आणलेल्या सफरचंदाच्या फांद्या आडव्या लावल्या, आणि पाणी सर्वांत वर ठेवलं, म्हणजे तिला चढावं लागेल. कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा डबाही ठेवला, अंडी आलीच तर. दोन्ही. खाणं आता फक्त हाउकेकडे, आणि तेही मोजकंच. माझ्याकडे फक्त बघणं राहिलं. एप्रिलभर मी बघत होते. ती रात्रंदिवस फिरायची, काचेला नाक घासायची, आणि मला वाटायचं, शोधतेय, घालणार. मग एक दिवस ती डब्याशेजारी नुसती पडून राहिली, जीभही न हलवता, आणि मी फेन्याला कडेवर घेऊन पेटीसमोर उभी राहिले ती दुपार सरेपर्यंत. दमली आहे, की? विटांवरचं ऊन वर चढत गेलं. फेन्याने काचेवर तोंड टेकवून काचेला चाटलं. मिराबेलने डोकं उचललं, फेन्याच्या जिभेसमोर आपली जीभ काढली, आणि सावकाश फांदीवर चढून पाण्याकडे गेली. मी फेन्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. फेन्या आता चांगली जड झाली होती, हात भरून आला होता. ती कधी जड झाली ते मी बघितलंच नव्हतं.

आठवड्यातून एकदा मी मिराबेलला अंगठ्यावरून जाऊ द्यायची. माझा अंगठा शिकत होता. मणी लागत होते, मग मणी लागतात असं वाटत होतं, मग मध्ये मोठ्या मोठ्या गाळलेल्या जागा. मेच्या मध्यावर, चेस्टनटला तुरे आले असताना, आल्मुटबाई न सांगता दारात उभ्या राहिल्या. कप्तान नव्हता. “इथून चालले होते,” त्या म्हणाल्या. आमच्या घरावरून त्यांचा कुठलाच रस्ता जात नाही.

मी मिराबेलला त्यांच्या हातावर दिलं. ती पूर्वीपेक्षा बारीक, जिवंत, दोरासारखी ताणलेली. आल्मुटबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि ती त्यांच्या बोटांमधून गेली. शेपूट निसटलं. त्यांनी पुन्हा तिला मानेपासून घेतलं. जमिनीवर फेन्या एका पातेल्यावर झाकण आपटत होती, त्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही.

“काही नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “सगळं गुळगुळीत. म्हणजे मार्चमध्ये आम्हीच चुकलो म्हणायचं. तयार नव्हतीच ती.”

“होती,” मी म्हणाले. “तयार होती. मग नको झालं तिला.”

हे मी मिराबेलबद्दलच म्हणाले होते. पण माझा आवाज मध्येच कुठेतरी घसरला, आणि तो त्यांनीही ऐकला, मीही. त्यांनी खिडकीकडून तोंड वळवलं.

“आणि तू?” त्यांनी विचारलं. “तू बरी आहेस ना, पोरी?”

लोकांनी मला खूप काही विचारलं होतं. किती प्यायली, किती झोपली, किती वाढली. हा प्रश्न नवा होता, आणि त्याचं नेहमीचं उत्तर माझ्या तोंडात आधीच येऊन बसलं होतं. मी ते बाहेर येऊ दिलं नाही. त्याच्यामागे काय आहे ते मला बघायचं होतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “एक दुपार आहे. ती कुणाला सांगितलेली नाही मी. सांगू?”

आल्मुटबाईंनी पायाने खुर्ची ओढली आणि बसल्या. मिराबेलला त्यांनी खाली ठेवलं नाही.

“सांग,” त्या म्हणाल्या.